प्लाटूनला हसू द्या: नव्याने प्लाटून हाती घेणाऱ्या साहेबांसाठी

नवा लेफ्टनंट प्लाटूनवर, म्हणजे तीसेक जवानांच्या तुकडीवर, आला की पहिल्या आठवड्यात बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो चेहरा इतका आवळून ठेवतो की जवान त्याच्यासमोर शिंकायलाही बिचकतात. नाहीतर तो पहिल्याच फॉल-इनला विनोद सांगतो आणि तीस माणसं एकदम हसतात. त्या हसण्यावर विश्वास ठेवू नका, साहेब. ते हसणं म्हणजे खांद्यावरच्या ताऱ्यांना ठोकलेला सलाम असतो.

मी पायदळात शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं नव्या नाईक-हवालदारांना शिकवण्यात गेली. सुभेदाराचं एक काम कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नसतं: नव्या साहेबाला प्लाटून वाचायला शिकवणं. त्यातला हसण्याचा धडा लोक ‘हे अंगातच असावं लागतं’ म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. नकाशा वाचायला शिकता येतं तसंच हेही शिकता येतं, आणि शिकलेलं बरं, कारण याचा संबंध थेट माणसांच्या जिवाशी येतो.

तुमचं काम आहे माणसांना हसायला जागा राखणं आणि त्या हसण्यावरून प्लाटूनची तब्येत ओळखणं. स्वतः विनोद सांगता आला तर चांगलंच. नाही आला तरी काही अडत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन संशोधकाने लोक रोजच्या व्यवहारात कधी हसतात याची टिपणं घेतली होती. बहुतेक हसणं विनोदावर नसतंच, साध्यासुध्या बोलण्यावर असतं, आणि माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या कितीतरी पट चारचौघांत हसतो, असं त्यांना दिसलं. बराकीत राहिलेल्या कुणालाही हे पटेल. तिथे हसणं सोबतीतून येतं. ती सोबत मोडणार नाही एवढं साहेबाने पाहिलं तरी अर्धं काम झालं.

पहिला महिना: कान उघडे, तोंड जपून

पहिल्या महिन्यात स्वतःहून विनोद करू नका. कुणी काही बोललं आणि खरंच हसू आलं तर मोकळेपणाने हसा, नाही आलं तर ओढूनताणून हसू नका. जवानांना खोटं हसू फार लांबून ओळखता येतं.

या काळात काय ऐकायचं ते सांगतो. प्रत्येक सेक्शनमध्ये, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीत, एक बोलका असतो, ज्याच्या एका वाक्याने सगळे सैल होतात. तो कोण आहे ते शोधा. तो बहुतेक वेळा हुद्द्याने लहान असतो आणि माणसं ओळखण्यात मोठा. मग प्लाटून कुणावर हसते ते पाहा. पावसावर, चढावर, बुटांवर, वरच्या ऑफिसच्या कागदांवर हसत असेल तर प्लाटून ठीक आहे. रोज एकाच जवानावर हसत असेल तर तिथे काहीतरी सडतंय, आणि त्या जवानाचा स्वतःचा चेहरा हसरा असला तरी फसू नका. तुमच्यावरच्या विनोदांना कडवट वास येऊ लागला तर तुमचा एखादा निर्णय लोकांना अन्यायाचा वाटलेला आहे. तुम्ही आत आल्यावर हसणं थांबतं, हे पहिले काही महिने साहजिक आहे. वर्षभरानेही थांबत असेल तर प्लाटून तुमच्यापासून काहीतरी लपवते आहे, असं धरून चाला.

आणि हसणं पूर्ण थांबलं तर त्याच दिवशी चौकशी करा. उंचावरच्या एका पोस्टवर आम्ही होतो तेव्हाची गोष्ट. हवामान खराब, हेलिकॉप्टर येत नव्हतं, पत्रं नव्हती, रजेवर जाणारे अडकून पडलेले. एका जवानाने संध्याकाळी चहाचा मग तोंडासमोर धरून बातम्या द्यायला सुरुवात केली. ‘आज आकाशात ढग दिसले. ढगांच्या मागे काय आहे ते सांगायला ढग तयार नाहीत. रजेवर जाणाऱ्यांनी सामान बांधावं, आणि हात गरम राहावेत म्हणून पुन्हा सोडावं.’ सगळी पोस्ट त्या बातम्यांची वाट पाहायची. मग लागोपाठ दोन संध्याकाळी बातम्या झाल्या नाहीत. विचारलं तर ‘घसा बसलाय’ म्हणाला. सेक्शन कमांडर हुशार होता. त्याने घशाचा विषय सोडला आणि बंकरमध्ये जाऊन प्रत्येकाला दहा पावलं सरळ चालून दाखवायला लावलं. बातम्या देणाऱ्याच्या शेजारी झोपणारा जवान चालताना झोकांड्या खात होता. डोकेदुखी आणि उलट्या त्याने लपवल्या होत्या, आणि मित्राकडून ‘कुणाला सांगू नको’ असं वचन घेतलं होतं. उंचीच्या आजारात तोल जाणं हे धोक्याचं लक्षण आहे. अशा माणसाला प्राणवायू देऊन लवकरात लवकर खाली उतरवणं हाच उपाय असतो, आणि तसंच केलं. तो वाचला. मित्राने वचन पाळलं होतं, पण त्याला बातम्या देणं जमलं नाही, आणि आम्हाला सुगावा लागला तो तेवढ्यावरूनच.

हसत हसत आलेली वाईट बातमी

वरिष्ठाला त्याची चूक सांगणं फौजेत फार अवघड असतं. म्हणून ती पुष्कळदा विनोदाच्या वेषात येते. ती ओळखायला शिका. माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

एका सरावात रात्री, पावसात, आम्ही एका ओढ्यावर येऊन थांबलो. नकाशावर तिथे ओढा नव्हता. लेफ्टनंट साहेब टॉर्चवर कापड गुंडाळून नकाशा पाहत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. शेवटी हवालदार म्हणाला, ‘साहेब, नकाशा बरोबर आहे. जमीनच चुकीच्या ठिकाणी आलीय.’ अंधारात सगळे फिसकन हसले. साहेबही हसले आणि त्याच दमात म्हणाले, ‘जमिनीवर कारवाई नंतर करू. शेवटची पक्की खूण कुठली होती?’ दोघा-तिघांनी एकदम उत्तर दिलं: दोन पायवाटा फुटतात तिथला मोठा दगड. आम्ही तिथपर्यंत मागे गेलो, दिशा पुन्हा धरली आणि वेळेत पोचलो.

त्या साहेबांनी काय केलं ते नीट पाहा. आधी हसले, म्हणजे बातमी आणणाऱ्याला अभय मिळालं. मग त्याच सुरात एक वाक्य बोलले, म्हणजे त्यांचा मान कमी झाला नाही हे सगळ्यांना दिसलं. आणि लगेच कामाचा प्रश्न विचारला, म्हणजे हसण्यात वेळ गेला नाही. याचा सराव करा. कुणी टोमणा मारला की मनात विचारा: यात माहिती कुठली आहे? ‘साहेब, नवे बूट फार चांगले आहेत, पाय वापरावेच लागत नाहीत, फोडच चालतात’ असं कुणी म्हणालं तर हसून झाल्यावर पुढच्या थांब्यावर सगळ्यांचे पाय तपासा. ‘या सेटवर तर देवाशीही बोलणं होईल, फक्त कंपनीशी होत नाही’ असं ऐकलं तर वायरलेस सेटची बॅटरी आणि अँटेना बघा.

हवालदाराला त्या वेळी साहेबांनी दरडावलं असतं तर? पुढच्या रात्री तो गप्प बसला असता आणि प्लाटून उजाडेपर्यंत चुकीच्या दिशेने चालत राहिली असती.

विनोद कुणावर करायचा

हुद्द्याची एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. बरोबरीचा माणूस तुमच्या विनोदाला उलट उत्तर देऊ शकतो. जवान देऊ शकत नाही. त्यामुळे साहेबाने जवानावर केलेला विनोद एकतर्फी मार असतो, मग हेतू कितीही चांगला असो.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली विनोदाचे चार प्रकार मांडले: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला खाली पाडणारा. फौजेतल्या माणसाला ही विभागणी चटकन उपयोगी पडते. पहिले दोन तुमचे. तिसरा पूर्ण बंद. चौथ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण नवे साहेब तिथे घसरतात. ‘स्वतःवर हसणारा नेता लोकांना आवडतो’ असं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून ते म्हणतात, ‘मला तर बुवा नकाशा कळतच नाही.’ असं कधीही बोलू नका. रात्री त्याच नकाशावर तीस माणसं तुमच्या मागे चालणार असतात. स्वतःच्या घोरण्यावर बोला, अक्षरावर बोला, केस गळण्यावर बोला. ज्या कौशल्यावर माणसांचा जीव टांगलेला आहे त्यावर बोलू नका.

सगळ्यात सुरक्षित निशाणा म्हणजे परिस्थिती. 1942 साली ब्रह्मदेशातून ब्रिटिश फौजांची माघार चालू असताना जनरल विल्यम स्लिम यांच्या आजूबाजूला सगळीकडून वाईट बातम्या येत होत्या. ते आपल्या अधिकाऱ्यांना म्हणाले, याहून वाईट होऊ शकलं असतं. कुणीतरी विचारलं, याहून वाईट ते काय? स्लिम यांना त्या माणसाचा भयंकर राग आला होता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे. पण ते हसून म्हणाले, पाऊस पडला असता! आणि दोन तासांनी खरोखरच जोराचा पाऊस आला. या वाक्यात काही फार चतुराई नाही. कुणालाही सुचेल असं ते आहे. पण रागाच्या जागी ते आलं, त्यात कुणाचा अपमान नव्हता, आणि सेनापतीचं डोकं ठिकाणावर आहे हे ऐकणाऱ्यांना कळलं.

आता बोचणाऱ्या प्रकाराचं एक उदाहरण. एका कंपनीत, म्हणजे काही प्लाटून मिळून झालेल्या तुकडीत, एक जवान बोलताना किंचित अडखळायचा. एका अधिकाऱ्याने हजेरीच्या वेळी त्याची नक्कल केली. सगळी कंपनी हसली, तो जवानही हसला. काही दिवसांनी तो पहाऱ्यावर असताना त्याला दिसलं की उतारावरच्या दोराचा खुंटा सैल झालाय. फोन जवळ होता. त्याने फोन केला नाही, पहारा बदलेपर्यंत थांबला आणि बदलीवर आलेल्या जवानाच्या कानात सांगितलं. मधल्या वेळात त्या दोराला धरून कुणी उतरलं नाही, हे नशीब. सुभेदार साहेबांनी कारण शोधून काढलं आणि त्या अधिकाऱ्याला एकट्याला गाठून शांतपणे सांगितलं.

अधिकारी मनाने चांगला होता. त्याने ते कसं सावरलं ते शिकण्यासारखं आहे. विनोद हजेरीत झाला होता, म्हणून माफीही हजेरीतच मागितली. दोन वाक्यांत: मी त्या दिवशी जे केलं ते चुकीचं होतं, पुन्हा होणार नाही. मग सगळ्यांसमोर त्या जवानाला विचारलं, खुंट्याचं काय दिसलं होतं? आणि तो अडखळत, थांबत सगळं सांगेपर्यंत अधिकारी त्याच्याकडे बघत उभा राहिला. मध्ये बोलला नाही, वाक्य पूर्ण करून दिलं नाही. त्यानंतर त्या कंपनीत त्या जवानाची नक्कल करायची कुणाची छाती झाली नाही.

शरीर, बोलणं, जात, धर्म, भाषा, गाव, घरची परिस्थिती, बायको किंवा नवरा, आईवडील: यांवर साहेबाने विनोद करायचा नाही आणि आपल्यासमोर होऊ द्यायचा नाही. प्लाटूनमध्ये महिला सैनिक असतील तर त्या ऐकतायत की नाही हे बघून जीभ आवरणारे काही जण असतात. त्या नसतानाही जो विनोद चालतो तोच त्या असताना चालला पाहिजे. टोपणनावांचंही तेच. जवानाने स्वतः स्वीकारलेलं टोपणनाव त्याचे दोस्त वापरतील. तुम्ही त्याचं खरं नाव वापरा.

जिथे अजिबात नाही

फायरिंग रेंजवर गोळी भरल्यापासून हत्यारं तपासून मोकळी होईपर्यंत नाही. ग्रेनेड हातात असताना नाही. स्फोटकांजवळ नाही. सेटवर नाही, कारण वाहिनी अडते आणि ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही. शिक्षा सुनावताना नाही. हुकूम देताना मध्येच नाही: परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद, संपर्क ही साखळी एका सुरात पुरी करा. प्रश्नोत्तरं संपली, घड्याळं मिळवून झाली, की मग हवं तर एखादं वाक्य बोला. हसण्याआधी ऐकलेलं शेवटचं वाक्य डोक्यातून पुसलं जाऊ शकतं, आणि ते कुंपणातल्या वाटेबद्दलचं असू शकतं.

वरच्या मुख्यालयाला रिपोर्ट देताना तर साधं, सपाट बोला. एप्रिल 1951 मध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिशांच्या 29व्या ब्रिगेडवर चिनी सैन्याने जबरदस्त हल्ला चढवला. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन वेढली गेली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती सांगितली ती इंग्रजांच्या सवयीप्रमाणे संकट हलकं करून: जरा अडचणीचं झालंय, अशा अर्थाने. ऐकणाऱ्याला वाटलं, कठीण आहे पण सांभाळून घेतील. त्या बटालियनमधले बहुतेक लोक मारले गेले, जखमी झाले किंवा कैद झाले. पराभवाला इतर कारणंही होती. पण संकट हसण्यावारी नेण्याची सवय खाली, माणसांशी बोलताना ठेवावी. वर सांगताना आकडे, ठिकाण, वेळ आणि काय हवंय एवढंच.

धोक्याच्या वेळी

ब्रिटनच्या रॉयल मरीन्स कमांडोंनी आपल्या सैनिकाचे चार गुण ठरवले आहेत: धैर्य, निर्धार, निःस्वार्थीपणा आणि संकटातही प्रसन्न राहणं. चौथा गुण पहिल्या तिघांच्या पंक्तीला बसवला आहे याचं मला कौतुक वाटतं. थंडीत, भिजलेल्या अवस्थेत, अंगावर ओझं घेऊन चालणाऱ्या सेक्शनमध्ये एक प्रसन्न माणूस किती कामाचा असतो हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांचं 2011 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं की एकत्र हसल्यानंतर माणसांची वेदना सहन करण्याची क्षमता थोडी वाढते. मी मोजमाप केलेलं नाही, पण लांबच्या कूचमध्ये थांब्यावर हसलेलं सेक्शन आधी उठतं, एवढं पाहिलेलं आहे.

प्रत्यक्ष धोक्यात साहेबाचं हलकं वाक्य तेव्हाच लागू पडतं, जेव्हा माणसांनी त्याला आधी काम करताना पाहिलेलं असतं. सप्टेंबर 1944 मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमच्या लढाईत ब्रिटिश मेजर डिग्बी टॅथम-वॉर्टर छत्री घेऊन फिरत होते. आपल्याला सांकेतिक शब्द लक्षात राहत नाहीत, आणि छत्री पाहिली की कुणालाही कळेल की हा इंग्रजच असणार, असं त्यांचं म्हणणं. मारा चालू असताना एका सहकाऱ्याने विचारलं, या छत्रीचा काय उपयोग? ते म्हणाले, आणि पाऊस आला तर? त्यांच्या कंपनीला हे आवडलं, कारण हाच माणूस संगिनींचा हल्ला घेऊन सगळ्यांच्या पुढे धावताना त्यांनी पाहिला होता. नव्या लेफ्टनंटने पहिल्याच दिवशी छत्री उघडली तर लोक फक्त छत्री पाहतील. आधी खंदक खणा, पहारे तपासा, सगळ्यात शेवटी झोपा. मग एखाद्या रात्री तुमच्या तोंडून निघालेलं साधं वाक्यही माणसांना उभं करेल.

डिसेंबर 1944 मध्ये बेल्जियममधलं बास्टोन हे अमेरिकनांच्या ताब्यातलं गाव वेढलं गेलं असताना जर्मनांनी शरणागतीची मागणी पाठवली. ब्रिगेडियर जनरल अँथनी मॅकॉलिफ यांनी ‘नट्स!’ असं एका शब्दाचं उडवून लावणारं उत्तर धाडलं, ते जगाला माहीत आहे. त्याच्या पुढचा भाग कमी लोक सांगतात. नाताळच्या संदेशात त्यांनी शत्रूची ती मागणी आणि आपलं उत्तर, दोन्ही छापून सैनिकांपर्यंत पोचवलं. म्हणजे वेढा पडलाय हे कुणापासून लपवलं नाही, आणि आपला सेनापती त्यावर काय म्हणाला तेही बर्फातल्या खंदकात बसलेल्या माणसाला वाचायला मिळालं. खरं सांगून मग हसवणं वेगळं, आणि खरं लपवण्यासाठी हसवणं वेगळं. दुसरा प्रकार एकदा पकडला गेला की तुमच्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही.

जखमी माणसाजवळ मात्र आपण सुरुवात करायची नाही. 1942 मध्ये ब्रह्मदेशात जपान्यांशी झालेल्या सितांगच्या लढाईत कॅप्टन माणेकशा यांच्या पोटात मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. शल्यचिकित्सकाने काय झालं असं विचारल्यावर ‘खेचराने लाथ मारली’ असं ते म्हणाले, आणि एवढ्या अवस्थेत विनोद करणारा माणूस वाचवण्यासारखा आहे असं वाटून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, अशी गोष्ट सांगितली जाते. तो विनोद करण्याचा हक्क त्यांचा होता. स्ट्रेचर धरणाऱ्याने तो केला असता तर ऐकवला नसता. जखमी हसला तर त्याच्याबरोबर हसा. गप्प असेल तर हात धरा आणि पुढे काय होणार आहे ते सांगत राहा.

प्लाटून तुमच्यावर हसते तेव्हा

करमणुकीच्या कार्यक्रमात कुणीतरी तुमची नक्कल करेल. पुढच्या रांगेत बसा, हसा, मंचावर जाऊन उत्तर देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी त्या जवानाला जादा ड्यूटी लागणार नाही याची खात्री करा. चुकून लागली असेल तरी बदला, कारण ती चुकून लागली यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

एका साहेबांना प्रत्येक वाक्यानंतर ‘क्लिअर?’ म्हणायची सवय होती. एका जवानाने ती उचलली: साहेब स्वप्नातही बायकोला विचारतात, ‘मी झोपलोय. क्लिअर?’ हशा पिकला. साहेब खदखदून हसले. पण रात्री त्यांनी मला विचारलं, सुभेदार साहेब, मी ‘क्लिअर’ विचारलं की कुणी कधी ‘नाही’ म्हणालंय का? मी म्हणालो, कधीच नाही. पुढच्या हुकमांपासून त्यांनी पद्धत बदलली. शेवटी एखाद्या नाईकाला उभं करून म्हणायचे, तुमच्या सेक्शनने काय करायचंय ते मला सांगा. पहिल्याच वेळी दोन सेक्शन एकाच टेकडीवर जाणार असल्याचं उघड झालं. ती नक्कल एवढी फायद्याची ठरली.

ज्यांना हे जमत नाही त्यांचंही एक मोठं उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात बिल मॉल्डिन हा तरुण सार्जंट अमेरिकन सैनिकी वृत्तपत्रात चित्रं काढायचा: दाढी वाढलेले, चिखलात बसलेले, अधिकाऱ्यांच्या टापटिपीला कंटाळलेले सैनिक. अमेरिकन जनरल पॅटन यांना ती शिस्तीला घातक वाटली. मार्च 1945 मध्ये त्यांनी मॉल्डिनला बोलावून झापलं. चित्रं थांबली नाहीत, कारण वृत्तपत्राच्या मजकुरात ढवळाढवळ करायची नाही असं सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाचं धोरण होतं. पॅटन लढवय्ये म्हणून थोर होतेच. पण आघाडीवरचा माणूस काय विचार करतोय हे त्या चित्रांतून रोज कळत होतं, आणि ते त्यांनी नाकारलं. याउलट पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, बेल्जियममधल्या इप्रच्या उद्ध्वस्त शहरात शेरवुड फॉरेस्टर्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या लोकांना छापखाना सापडला, तेव्हा कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स यांनी खंदकातलं विनोदी पत्रच सुरू केलं. त्यात खोट्या जाहिराती असत: तुम्हाला आशावादाचा आजार जडलाय का, युद्ध लवकर संपेल असं वाटतं का, आमच्याकडे दोन दिवस या, बरे व्हाल. ते वाचून कुणी लढाई सोडली नाही.

काळा विनोद

मृत्यूच्या जवळ राहणारी माणसं मृत्यूवर विनोद करतात. तो तुम्ही सुरू करू नका आणि पटकन बंदही करू नका. त्यातला राग कुणा असहाय माणसाकडे, कैद्याकडे, गावकऱ्यांकडे वळला तर मात्र त्याच क्षणी थांबवा, कारण हातही बोलण्याच्याच दिशेने जातात. असा विनोद प्लाटूनच्या बाहेर जाऊ देऊ नका. मोबाइलवर रेकॉर्ड झालेलं दोन वाक्यांचं हसणं शहिदाच्या घरच्यांपर्यंत पोचलं तर त्यांना काय समजावणार? यावर हुकूम काढा आणि तो पाळला जातो का बघा.

आपला माणूस गेला की पहिल्या रात्री कुणी हसत नाही, हसवायचा प्रयत्नही करू नका. सगळ्यांना एकत्र बसवा, जे घडलं ते खरं सांगा, पहारे नीट लावा. काही दिवसांनी कुणीतरी हळूच म्हणेल, आठवतं का, तो परेडला उलटे मोजे घालून आला होता? आणि मग सगळ्यांची नजर तुमच्याकडे वळेल. ते परवानगी मागत असतात. हसा, साहेब. त्याची एखादी गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल तर सांगा. मोज्यांची गोष्ट निघाल्यावर डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. त्यानंतर पुन्हा त्याचं नाव घेता येतं, आणि ज्या प्लाटूनला त्याचं नाव घेता येतं ती पुन्हा कामाला लागते.

चार्ज देताना

तुमची बदली झाली की हत्यारं, दारूगोळा, सेट, नकाशे सगळ्याची यादी होते. नव्या साहेबाला आणखी काही गोष्टी सांगा. प्लाटूनचा बोलका जवान कोण, आणि तो गप्प झाला तर आधी कुणाकडे चौकशी करायची. कुठल्या विषयावर कुणासमोर बोलायचं नाही, आणि का. कुठले विनोद प्लाटूनच्या मालकीचे आहेत, ज्यांत नव्या माणसाने महिनाभर तरी भाग घेऊ नये. कुणाची थट्टा पूर्वी फार झाली होती आणि त्याला अजून जपावं लागतं. हे कागदावर लिहू नका, कागद भलत्याच हातात पडतात. नव्या साहेबाला समोर बसवून तोंडी सांगा, आणि सुभेदाराला शेजारी बसवा, म्हणजे तुमच्याकडून सुटलेलं तो भरून काढेल.